हैदराबाद नेमकं कशावर चालतं?

मांजराकाठ

२०२२-२३ मध्ये तेलंगणाची आयटी निर्यात २,४१,२७५ कोटी रुपयांवर गेली आणि या क्षेत्रातल्या नोकऱ्या नऊ लाखांच्या पुढे. यातलं जवळपास सगळं एकट्या हैदराबादेत. त्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत हैदराबाद म्हटलं की माधापूरच्या काचेच्या इमारतींचाच फोटो येतो. त्या इमारतींचं मोल मी कमी करत नाही. पण बालानगर, जीडिमेटला, पटानचेरू, कुशाईगुडा, कंचनबाग या कारखान्यांच्या भागांची नावं ज्याने ऐकली नाहीत त्याला हे शहर अर्धंच कळलंय, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: आज इथे जे मोठे खाजगी उद्योग दिसतात, त्यांतले बरेच १९६०-७० च्या दशकांत सरकारने बसवलेल्या कारखान्यांतून आणि प्रयोगशाळांतून बाहेर पडलेल्या माणसांनी उभे केले आहेत. नोव्हेंबर १९९८ मध्ये हायटेक सिटीतल्या पहिल्या आयटी इमारतीचं, सायबर टॉवर्सचं, उद्घाटन झालं, तोवर या शहरात कुशल माणसांच्या दोन पिढ्या तयार झाल्या होत्या.

मी बल्क ड्रगमध्ये आहे. गोळी नव्हे, गोळीच्या आत जे मूळ औषध असतं ते रिअॅक्टरमध्ये बनवायचं, हे आमचं काम. म्हणून तिथूनच सुरू करतो.

१९६१ मध्ये आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. सोव्हिएत मदतीने तिचा अँटिबायोटिक्सचा कारखाना ऋषिकेशला आणि सिंथेटिक औषधांचा बालानगरला उभा राहिला. पुढे १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणजे तोच रेणू तुम्ही वेगळ्या वाटेने तयार केलात तर तुम्हाला कोणी अडवू शकत नव्हतं. ही वेगळी वाट शोधणं, ती प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यातून हजारो लिटरच्या रिअॅक्टरपर्यंत नेणं, उतारा वाढवणं, सॉल्व्हंट परत मिळवणं, हे प्रोसेस केमिस्टचं कसब. असे केमिस्ट आयडीपीएलमध्ये घडत होते आणि तार्नाक्याच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत घडत होते. ही लॅबोरेटरी म्हणजे आजची आयआयसीटी. तिचं मूळ निजामाच्या काळात, १९४४ मध्ये.

डॉ. अंजी रेड्डी त्याच वाटेने आले. गुंटूर जिल्ह्यातल्या हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्राच्या संस्थेत शिकले, पुण्याच्या एनसीएल या रासायनिक प्रयोगशाळेत पीएचडी केली आणि आयडीपीएलमध्ये नोकरीला लागले. ती सोडून आधी भागीदारीत कंपन्या काढल्या, मग १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज. त्यांच्याबरोबर काम केलेल्या मुरली दिवींनी १९९० मध्ये दिवीज सुरू केली. डॉ. रेड्डीजमधून निघालेल्या पार्थसारथी रेड्डींनी १९९३ मध्ये हेटेरो काढली. इथे एका कारखान्याच्या पोटातून दुसरा निघत गेला. आयडीपीएल स्वतः मात्र १९९० च्या दशकात आजारी उद्योग ठरली आणि संपली. बालानगरला तिच्या जागेवरून जाताना मला दर वेळी वाटतं की ताळेबंदात ती तोट्यात गेली असेल, पण तिने घडवलेल्या माणसांची किंमत त्या ताळेबंदात कधी धरलीच गेली नाही.

बाकी क्षेत्रांतली मंडळी आहेत इथे. त्यांनी लिहावं.

कुशाईगुडा

मांजराकाठ, ईसीआयएलबद्दल, म्हणजे कुशाईगुड्याच्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबद्दल, मला लिहायचंच होतं. माझे बाबा तिथे होते, आमचं लहानपण कॉलनीत गेलं.

ईसीआयएल १९६७ ची. तिचं बीज मुंबईत ट्रॉम्बेला पडलं. अणुभट्ट्यांसाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं बाहेरून आणायची नाहीत, आपणच करायची, या हट्टातून डॉ. ए. एस. राव आणि त्यांचे सहकारी ट्रॉम्बेहून इथे आले. त्यांच्या नावाचं ए. एस. राव नगर आज भरगच्च वस्ती आहे. टीडीसी मालिकेचे संगणक ईसीआयएलने बनवले. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. देशात संगणक हा शब्दही फारसा कोणाला माहीत नव्हता तेव्हा आमच्या कॉलनीतल्या काका लोकांचं ते रोजचं काम होतं. आज ईव्हीएम बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक ईसीआयएल, दुसरी बेंगळुरूची बीईएल.

शेजारीच न्यूक्लियर फ्यूएल कॉम्प्लेक्स, १९७१ चं. तारापूरच्या अणुभट्टीत जे इंधन जातं त्याचे जुडगे इथे बांधले जातात. मुंबईकरांच्या घरी लागणाऱ्या दिव्याचा एक धागा आमच्या कुशाईगुड्यापर्यंत येतो, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

आणि हायटेक सिटीबद्दल. नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर कंपन्या आल्या तेव्हा हार्डवेअर, सिस्टीम्स, प्रोग्रामिंग जाणणारी माणसं इथे आधीपासून होती. बाबांच्या विभागातले कितीतरी जण तिकडे गेले.

आकडेमोड

धागा छान आहे, पण मूळ मुद्द्यावर मला हरकत घ्यायची आहे.

सरकारी कारखाने रांचीलाही होते, दुर्गापूरलाही होते. तिथल्या अभियंत्यांनी का नाही असे शेकडो खाजगी उद्योग काढले? नुसतं कसब पुरत नाही. पैसा लागतो, आणि जोखीम घेणारा पैसा लागतो. हैदराबादेत तो किनारी आंध्रातून आला. कृष्णा-गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांची शेती, भाताचं नि तंबाखूचं उत्पन्न, हरितक्रांतीनंतर वाढलेला नफा. १९५६ मध्ये हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली तेव्हापासून तो पैसा इकडे वळला. राईस मिल, मग सिनेमा, मग सरकारी कंत्राटं, मग औषधं, मग इंजिनिअरिंग कॉलेजं. राजधानी नसती तर हा ओघ विजयवाड्यालाच थांबला असता.

म्हणून माझ्या मते 'राजधानी' हा घटक तुम्ही कमी लेखताय. आयडीपीएलने माणसं दिली हे कबूल. पण त्या माणसांच्या हातात भांडवल ठेवणारे नातेवाईक गुंटूर-कृष्णेत होते.

मांजराकाठ

आकडेमोड, हा मुद्दा वजनदार आहे आणि माझ्या लेखात तो यायलाच हवा. भांडवल किनारी आंध्राचं, कसब सरकारी कारखान्याचं, दोन्ही एका जागी भेटले ते राजधानीमुळे. पण क्रम पाहा. बालानगरमध्ये एमटीएआर नावाची कंपनी आहे, १९७० ची. एचएमटी या यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीतून बाहेर पडलेल्यांनी सुरू केली. आज ती अणुभट्ट्यांचे आणि इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाचे भाग बनवते. पैसा कुठूनही आला असता, पण मायक्रॉनमध्ये मोजून धातू कापणारा हात एचएमटीच्या शॉप फ्लोअरवरच तयार झाला.

संरक्षणाचंही तेच. डीआरडीएल ही क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा १९६२ मध्ये इथे आली. डीएमआरएल (धातू) आणि डीएलआरएल (इलेक्ट्रॉनिक्स) या संरक्षण प्रयोगशाळा त्याच सुमारास. क्षेपणास्त्रं बनवणारी बीडीएल १९७० ची, खास मिश्रधातू बनवणारी मिधानी १९७३ ची. १९८२ मध्ये डॉ. कलाम डीआरडीएलचे संचालक झाले, १९८३ मध्ये क्षेपणास्त्रांचा एकात्मिक कार्यक्रम सुरू झाला. त्या कामाचे हजारो सुटे भाग कोण करणार? बालानगर, जीडिमेटला, कुकटपल्लीतली छोटी वर्कशॉपं. एक लेथ, दोन मिलिंग मशिनं, मालक स्वतः टर्नर. ड्रॉइंग यायचं, जॉब करून द्यायचा, तपासणीत नापास झाला तर पुन्हा करायचा. त्या शिस्तीत जो टिकला तो पुढे कोणाचंही काम करू शकला. आज आदिबटलाला टाटा आणि बोइंगच्या कारखान्यात अपाचे हेलिकॉप्टरचे सांगाडे तयार होतात, टाटा-लॉकहीडकडे सी-१३० जे विमानांच्या शेपटीचे भाग. स्कायरूट ही रॉकेट कंपनी २०१८ मध्ये इस्रोतून आलेल्यांनी काढली आणि १८ नोव्हेंबर २०२२ ला देशातलं पहिलं खाजगी रॉकेट उडवलं. या कंपन्यांना सुटे भाग करून देणारं गाव लागतं. ते इथे तयार होतं.

उदगीरकर

सगळेजण १९६० पासून सुरू करतायत, त्याच्या आधीचं मी लिहितो. आमच्या मराठवाड्याची राजधानी १९५६ पर्यंत हैदराबादच होती, त्यामुळं ह्या इतिहासात आमचा वाटा आहे.

निजामानं १९२९ मध्ये इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड काढला. सरकारी पैसा कारखान्यांच्या भांडवलात घालायचा, अशी योजना. त्या धोरणाच्या काळात बोधनचा निजाम शुगर उभा राहिला, आझमाबादची औद्योगिक वसाहत वसली. चारमिनार सिगारेटवाल्या वझीर सुलतान टोबॅकोचा कारखाना त्याच भागातला. १९४२ मध्ये ऑल्विन, १९४३ मध्ये प्रागा टूल्स. ऑल्विननं बसच्या बॉड्या केल्या, फ्रिज केले, घड्याळं केली. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या माणसाला हैदराबादची एसटी म्हणजे ऑल्विनची बस. नांदेडची उस्मानशाही मिलही त्याच राज्यातली. ती बंद पडली, तिथले कामगार कुठं कुठं गेले हा वेगळा धागा होईल.

मनमाड-सिकंदराबाद लाइन १९०० सालची. त्या लाइननं आमची माणसं काचीगुड्याला उतरत आली. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला. आता सगळ्यात जास्त कशाला जातात म्हणाल तर दवाखान्याला. नांदेड, देगलूर, उदगीर, बिलोली, इकडं हार्टचं किंवा कॅन्सरचं काही निघालं की घरचे पुण्या-मुंबईआधी हैदराबादचं नाव काढतात. निम्स, उस्मानिया ही सरकारी इस्पितळं, आणि मोठमोठे खाजगी दवाखाने. त्यांच्या भोवती लॉज, खानावळी, औषधांची दुकानं, मराठी बोलणारे मध्यस्थ. हा पण उद्योगच आहे, आणि आमच्या कर्जांवर उभा आहे. धाग्यात त्याची नोंद राहू द्या.

विटेकर

इथं आमचाही उल्लेख हवा. खानापूर, विटा, आटपाडीकडचे गलाईवाले सगळ्या दक्षिणेत पसरलेत, तसे हैदराबाद-सिकंदराबादेतही आहेत. जुनं सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचा. सराफाच्या दुकानामागच्या गल्लीत भट्टी. दुष्काळी तालुक्यातली पोरं दहावी व्हायच्या आत नातेवाइकाच्या भट्टीवर जायची, तेजाबाच्या (ॲसिडच्या) वाफेत काम शिकायची. त्या पैशावर गावाकडं विहिरी झाल्या, माड्या झाल्या.

हैदराबादच्या मोत्यांची पण तीच गंमत. मोती इथं पिकत नाहीत. पूर्वी इराणच्या आखातातून यायचे, आता चीन-जपानकडून येतात. इथं काय आहे तर मोत्याला भोक पाडणारा, निवडणारा, रंग जुळवणारा हात. पत्थरगट्टीच्या बाजाराचा जीव त्या हातात आहे. लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळालं, पण भट्टीपुढं बसून बांगडी वळणाऱ्या बायांना मजुरी किती मिळते हे विचारा.

पूर्णाथडी

परभणीचा शेतकरी आहे. बियाण्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडं जूनमध्ये कापसाच्या सरकीचं जे पाकीट येतं, त्यातली कितीतरी हैदराबाद-सिकंदराबादच्या कंपन्यांची असतात. नुझिवीडू, कावेरी ही नावं गावातल्या पोरासोरांना पाठ आहेत. मेडचल, कोमपल्लीच्या बाजूला बियाण्याची गोदामं नि प्रक्रिया केंद्रं आहेत. तेलंगणात बीजोत्पादनाला हवा चांगली, पाऊस-ऊन बेताचं, आणि शिकलेले शेतकरी.

त्याच्या मुळाशी पटानचेरूचं इक्रिसॅट हे पिकांवरच्या संशोधनाचं केंद्र आहे, १९७२ चं. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे कोरडवाहू माणसाची पिकं. मर रोगाला तोंड देणारी 'आशा' ही तूर तिथलीच, तिनं मराठवाड्यात किती जणांची शेतं वाचवली. आयटीवाल्यांनी राग मानू नका, पण माझ्या लेखी हैदराबादनं देशाला दिलेली सगळ्यात मोठी वस्तू ही आहे.

नानकरामगुडा

राग कशाला मानू, पूर्णाथडीदादा. पण आयटीची बाजू नीट मांडायला हवी.

मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये इथे विकास केंद्र उघडलं. त्याच वर्षी आयटी शिकवणारी ट्रिपल आयटी ही संस्था सुरू झाली. अॅमेझॉनची २०१९ मध्ये सुरू झालेली इमारत त्यांच्या जगभरातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या इथल्या आयटी कंपनीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा हजारो घरांत चूल पेटेल की नाही अशी धास्ती होती. काही महिन्यांत महिंद्रांनी ती घेतली, पुढे पुण्याच्या टेक महिंद्रात ती विलीन झाली, आणि बहुतेक नोकऱ्या वाचल्या. दुसऱ्या कुठल्या उद्योगात एवढा धक्का एवढ्या लवकर पचला असता का, मला शंका आहे.

आता कामाचं स्वरूपही बदललंय. परदेशी बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या स्वतःची केंद्रं इथे चालवतात. मी ज्या टीममध्ये आहे ती औषधांच्या चाचण्यांची माहिती हाताळते. आमच्यात फार्मसी शिकलेले आहेत, रसायनशास्त्र शिकलेले आहेत. म्हणजे मांजराकाठ ज्या दोन जगांना वेगळं धरतायत ती आता एकाच टेबलाशी बसतात.

मला खुपतं ते जमिनीचं. ऑगस्ट २०२३ मध्ये कोकापेटच्या लिलावात एका एकराला १००.७५ कोटी रुपये बोली लागली. राज्याच्या तिजोरीला त्याचं कौतुक वाटतं. पण या भावात कोणता लहान कारखानदार शेड बांधेल? मार्च २०२५ च्या अखेरीस कंचा गच्चीबावलीची ४०० एकर जमीन सपाट करायला बुलडोझर आले. शेजारच्या हैदराबाद विद्यापीठातली मुलं आडवी गेली, सर्वोच्च न्यायालयाला थांबवावं लागलं. शहर जमीन विकून चालायला लागलं की बाकीचे उद्योग हळूहळू बाहेर ढकलले जातात.

रात्रपाळी

एक विसरलेला अध्याय. ईटीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झालं तेव्हा महाराष्ट्राच्या बातम्या हैदराबादेतून, रामोजी फिल्म सिटीतून निघायच्या. आमच्या पिढीतले किती मराठी पत्रकार तिथे घडले! महाराष्ट्रातल्या कुठल्या तालुक्यात काय घडलं हे आम्ही हयातनगरच्या पुढे बसून लिहायचो. फिल्म सिटी १९९६ ची. तेलुगू सिनेमा मद्रासहून इकडे आला, अन्नपूर्णासारखे स्टुडिओ बांधले गेले, त्यामागे सरकारने दिलेल्या जमिनी आणि सवलती होत्या. सुतार, लाइटमन, शिंपी, डबिंगवाले, जेवण पुरवणारे, आता व्हीएफएक्सवाली पोरं. कृष्णानगरच्या गल्ल्यांत हा उद्योग राहतो.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. लसींचं थोडक्यात लिहितो आणि मग ज्याच्यासाठी मी हा धागा काढला तिकडे येतो.

बायॉलॉजिकल ई १९५३ ची. शांता बायोटेक १९९३ ची, तिने १९९७ मध्ये हेपटायटिस बीची देशी लस आणली, तोवर ती लस सामान्य माणसाला परवडत नव्हती. त्या कामात इथल्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेची मदत होती. भारत बायोटेक १९९६ ची, कोव्हॅक्सिनसाठी विषाणू पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू-संशोधन संस्थेने वेगळा करून दिला होता. शामीरपेटजवळची जीनोम व्हॅली, म्हणजे लसी-औषधांच्या कंपन्यांची वसाहत, या सगळ्यावर उभी आहे.

आता दुसरी बाजू. मांजरा आमच्या बीडच्या बालाघाटात उगवते, लातूरला पाणी देते आणि तेलंगणात जाते. सिंगूर धरणातून तिचंच पाणी हैदराबाद प्यायलंय. पटानचेरू, बोल्लारमच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं नक्कवागू ओढ्यातून याच नदीत गेलं. आजूबाजूच्या गावांच्या विहिरी गेल्या, भाताची शेतं गेली. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं मोजमाप जाहीर केलं. प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं. जिवाणूंना प्रतिजैविकं पचवायला शिकवणारी शाळा आम्ही ओढ्यात उघडली होती.

आणि ३० जून २०२५ ला पटानचेरूजवळ पाशामैलारमला एका कारखान्यात स्फोट झाला, ४० हून अधिक कामगार गेले. बहुतेक बाहेरच्या राज्यांतले. मी या धंद्यावर पोट भरतो म्हणून मला हे लिहिण्याचा अधिकार आहे: ड्रायरचं तापमान कोण बघतं, कंत्राटी कामगाराला प्रशिक्षण कोण देतं, या प्रश्नांना आमच्या उद्योगात अजूनही शेवटचा नंबर मिळतो. जगाला स्वस्त औषध देतो याचा अभिमान मला आहे. त्या स्वस्ताईतला काही हिस्सा नक्कवागूकाठच्या शेतकऱ्याने आणि बिहार-ओडिशाच्या मजुराने भरला आहे, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

आकडेमोड

हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. सगळे उद्योग नव्या फार्मा सिटीत हलवा, अशी मागणी वर्षानुवर्षं होते. पण फार्मा सिटीसाठी ठरवलेल्या मुचर्लाच्या शेतकऱ्यांनी जमिनी देताना तोच प्रश्न विचारला: पटानचेरूचं पाणी आता आमच्याकडे का? नव्या जागेत पहिल्या दिवसापासून सांडपाणी शून्यावर आणल्याशिवाय परवानगी देऊ नये, माझं तरी हेच मत.

कुशाईगुडा

सहमत. आणि देखरेखीचे आकडे लोकांना बघता आले पाहिजेत. फाइलीत राहिलेलं मोजमाप नदीला उपयोगाचं नाही.

उदगीरकर

मांजराकाठ, एक कामाचं विचारतो. भाचा दहावी झालाय, हात चांगला आहे, मशिनरीची आवड. घरचे म्हणतात कॉम्प्युटर शिक. तुम्ही म्हणता तसं कसब शिकायचं तर हैदराबादेत पाठवू का?

मांजराकाठ

उदगीरकर काका, बालानगरला सीआयटीडी आहे, सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन, १९६८ ची. दहावीनंतर टूल, डाय आणि मोल्ड मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. प्रवेश परीक्षा असते, गणित पक्कं करून घ्या. तिथे पोरगा फाइलने लोखंड घासण्यापासून सुरू करतो आणि सीएनसीपर्यंत (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनपर्यंत) जातो, त्यामुळे कॉम्प्युटर सुटत नाही, घरच्यांना तसं सांगा. लांब नको असेल तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, त्याच धर्तीची. दोन्हीकडे अर्ज भरा. इकडे आलात तर मला निरोप पाठवा, सुट्टीच्या दिवशी बालानगरच्या दोन-तीन वर्कशॉपांत त्याला घेऊन जाईन. काम बघून त्यालाच ठरवू द्या.